अमलचं निवेदन

“सर, हार कशाला? आपण तर विरोध करायला चाललोय,” अमल म्हणाली.

गाडी मी गुलमंडीत फुलवाल्यासमोर उभी केली होती. मागच्या सीटवर येमेनचे दोन विद्यार्थी इस्त्रीच्या शर्टांत ताठ बसले होते. पुढं अमल, मांडीवर निवेदनाची फाईल. मी हसलो. म्हणालो, “तुम्हाला इथलं कळायचं नाही. रिकाम्या हातानं गेलं की बाहेरच्या बाकावरून परत यावं लागतं. हार असला की आत घेतात.” आणि गुलाबाचा चांगला दणदणीत हार बांधून घेतला. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, इथं सोयीसाठी मराठीत लिहितोय.

मी शहरातल्या एका खासगी कॉलेजात फॉरिन स्टुडंट सेलचा कोऑर्डिनेटर आहे. नाव भारदस्त, काम साधं. बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलांना ॲडमिशन द्यायची, बोनाफाईड द्यायचं, त्यांच्या घरमालकांची समजूत घालायची आणि दरवर्षी व्हिसाचं एक्स्टेन्शन मार्गी लावायचं. एक्स्टेन्शन म्हणजे राहण्याच्या परवानगीची मुदत वाढवून घेणं. ती मिळाली तर शिक्षण, नाही तर विमान.

अमल सुदानची. फार्मसीत पीएचडी करते. तिच्या देशात युद्ध चालू आहे. घर राहिलेलं नाही, आई इजिप्तमध्ये नातेवाइकांकडं. पासपोर्टची मुदत संपत आलेली आणि नवा कधी छापून मिळेल हे तिच्या वकिलातीलाही सांगता येत नव्हतं. पासपोर्ट नसला की एक्स्टेन्शन अडतं. आजवर असं काही अडलं की आम्ही वरच्या अधिकाऱ्याकडं अर्ज करायचो, कोणीतरी ऐकून घ्यायचं. पण आता परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा येऊ घातला होता. त्याच्या मसुद्यात एक कलम होतं, इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय शेवटचा. वर दाद मागायची सोय नाही. एका टेबलावर ‘नाही’ झालं की अमलनं जायचं कुठं, याला कोणाकडं उत्तर नव्हतं.

मुलांनी हालचाल सुरू केली. इथली, पुण्याची, हैदराबादची मुलं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जमली. मागणी एवढीच, की अपिलाची सोय ठेवा. मोर्चा काढू नका, व्हिसावर आहात, एवढं मी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. त्यांनी निवेदन लिहिलं, सह्या गोळा केल्या. दिल्लीत जाऊन खासदारांना भेटायला शिष्टमंडळ ठरलं. बोलणार अमल. तिनं मसुदा कलम न कलम वाचला होता आणि ती आवाज न चढवता बोलायची, म्हणून ग्रुपनं तिलाच निवडलं.

त्याआधी इथल्याच कोणाला तरी भेटावं, हे माझं डोकं. दिल्लीत बसणारे एक साहेब माझ्या ओळखीचे. कुठल्या सभागृहात, कुठल्या पक्षाचे, ते सांगत नाही. सांगून फरकही पडत नाही. मी गंगापूर तालुक्यातला. आमच्या घरात दोन पिढ्या सरपंचकी. निवेदन कसं द्यायचं हे मला बाराखडीच्या आधी कळलं असेल. आधी हार, मग शाल, मग फोटो, आणि साहेब खुशीत आले की हळूच कागद पुढं करायचा. आमच्या गावचा रस्ता असाच झाला. हे सगळं मी मुलांना गाडीत रंगवून सांगितलं. कामं कशी करून घ्यायची ते आपल्याला कळतं, असा मला चांगलाच तोरा होता.

साहेबांच्या ऑफिसात गर्दी होती. पीए ओळखीचा, शेंद्र्याकडचा. हार बघून त्यानं आम्हाला मधूनच आत घेतलं. “लई लांबून आल्यात पाव्हणे, साहेब,” असं म्हणत त्यानं फोटोग्राफरला खूण केली.

हार अमलच्या हातून घालायचा, हेही मीच ठरवलं. परदेशी मुलगी, डोक्याला स्कार्फ, फोटो चांगला येतो. तिनं हार घातला. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, परत एकदा. जरा हसून.” तिला कळलं नाही, म्हणून मी हिंदीत सांगितलं. ती हसली. मग साहेबांनी तिघांना शाल आणि श्रीफळ दिलं. नारळाचं काय करायचं हे येमेनच्या एका मुलाला कळेना. त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

अमलनं फाईल दिली आणि बोलायला सुरुवात केली. “साहेब, आमचा सगळ्या कायद्याला विरोध नाही. पण या एका कलमात...”

“बेटा, तुम्ही आमचे पाहुणे,” साहेब म्हणाले. “काही काळजी करू नका. मी दिल्लीत बोलतो.”

फाईल पीएकडं गेली. पीएनं ती खुर्चीवर ठेवली आणि दार उघडलं. बाहेर पुढचे लोक त्यांचा हार घेऊन उभेच होते.

जिन्यात अमल म्हणाली, “सर, त्यांनी कागद वाचला नाही.”

“इथं कागद नंतर वाचतात,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्राचार्य मॅडमचा मेसेज आला. अंगठा, ‘अभिनंदन’ आणि खाली एका स्थानिक पेपरचं कात्रण. फोटोत साहेबांच्या गळ्यात हार आणि शेजारी हसणारी अमल. मथळा, ‘नव्या कायद्याचे परदेशी विद्यार्थ्यांकडून स्वागत, साहेबांचा सत्कार’. मी ते परत परत वाचलं. निवेदनाचा, अपिलाचा कुठं शब्द नव्हता. 

अमलला मराठी वाचता येत नाही. तिला कळायच्या आत निस्तरू, असा विचार करून मी सरळ पीएला गाठलं.

“अरे, आम्ही विरोधाचं निवेदन दिलं होतं. तुम्ही स्वागत छापून आणलं,” मी म्हणालो.

“सर, हार कुणी आणला?”

“मी.”

“घातला कुणी?”

“आमच्या विद्यार्थिनीनं.”

“मग? हार घालून कुणी विरोध करतं व्हय? विरोध करायचा तर काळ्या फिती लावून यायचं. आमी काय अडवलं नसतं.” तो चिडला नव्हता, माझ्यासाठी चहा मागवत होता. “तुमी तर राजकारणातल्या घरचे. तुमाला म्या काय सांगावं?”

त्याच्या जागी मी असतो तर बातमी अशीच करून दिली असती. हे तिथं बसल्याबसल्या कळलं आणि स्वतःची लाज वाटली. चहा तसाच ठेवून उठलो.

पेपरवाले म्हणाले, कॉलेजच्या लेटरहेडवर खुलासा द्या, छापतो. मी मॅडमकडं गेलो.

“खुलासा काय द्यायचा? आमचे विद्यार्थी सरकारच्या कायद्याच्या विरोधात आहेत, असा?”

“मॅडम, खरं तेच आहे.”

“असेल. पण लेटरहेड कॉलेजचं आहे. आणि या बातमीत वाईट काय आहे? कात्रण मूल्यांकनाच्या फाईलला लावून घ्या. परदेशी विद्यार्थ्यांचा समाजात सहभाग, या मुद्द्याखाली आपल्याकडं दाखवायला काहीच नव्हतं.”

मूल्यांकन म्हणजे बाहेरची समिती येऊन कॉलेज तपासते आणि श्रेणी देते ते. त्या समितीसाठी आम्ही वर्षभर असे पुरावे जमवतो. मी कात्रण फाईलला लावलं. मग माझ्या खोलीत येऊन साध्या कागदावर, माझ्या सहीनं खुलासा लिहिला आणि पेपरला पाठवला. तो छापून आला नाही.

दुपारी अमल आली. तिला कळलं होतं. हैदराबादच्या कोणीतरी फोनमध्येच भाषांतर करून कात्रण ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली विचारणा सुरू झाली होती, शालीच्या बदल्यात काय कबूल केलं म्हणून.

“सर, ते विचारतायत, मी हसले का,” ती म्हणाली. “काय सांगू?”

“मी लिहितो ग्रुपवर. चूक माझी आहे. मी सगळं सांगतो.”

“लिहा. पण त्यांना वाटेल, कॉलेजनं लिहून घेतलं.” तिनं फोन पालथा ठेवला. “तुम्ही हसायला सांगितलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, कशासाठी.”

म्हणजे दोषही तिनं स्वतःकडंच घेतला. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. प्रिंटरमधले कागद मी उगाच सारखे करत बसलो.

मी ग्रुपवर लिहिलं. काहींनी मानलं, बऱ्याच जणांनी नाही. शिष्टमंडळ दिल्लीला गेलं, पण अमलशिवाय. तिच्या जागी पुण्यात शिकणारा केनियाचा एक विद्यार्थी बोलला. कलमांची तयारी मात्र त्याला फोनवरून अमलनंच करून दिली. तिथं एका खासदाराच्या सहायकानं त्यांना मोबाइलवर कात्रण दाखवलं आणि विचारलं, तुमच्याच लोकांनी स्वागत केलंय, मग तुम्ही कशाला आलात? हे मला नंतर अमलकडून कळलं. सांगताना तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

कायदा झाला. कलम होतं तसंच राहिलं. एका कात्रणानं कायदा होत नाही आणि अडतही नाही, एवढं मलाही कळतं. पण तिच्या तोंडून जे बोललं जाणार होतं ते मी बोलू दिलं नाही, ही लाज काही जात नाही. या खेपेला अमलला एक्स्टेन्शन मिळालं, तेही थोडक्या मुदतीचं. पुढचं नव्या कायद्याखाली मागायचं आहे आणि पासपोर्टचा अजून पत्ता नाही.

आमच्या धंद्यातल्या नव्या लोकांसाठी एवढंच सांगतो. ज्याच्याकडं तक्रार घेऊन जायचं, त्याला आधी हार घालू नये. आणि आपल्याला इथलं सगळं कळतं असं ज्याला वाटतं, त्याला मुलांबरोबर पाठवू नये.

मुलं अजून जमतात. कायद्याचे नियम व्हायचे बाकी आहेत, त्यात तरी अपिलाची सोय यावी म्हणून त्यांचं चाललं आहे. परवा मी कँटीनमध्ये शिरलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर अमल नव्या मुलांकडून हिंदीत तालीम करून घेत होती. अधिकारी असं म्हणाला तर काय बोलायचं, तसं म्हणाला तर काय. मला बघून सगळे उभे राहिले. अमलनं मला स्वतःची खुर्ची दिली, चहा सांगितला. मग ते परत बसले आणि अरबीत बोलायला लागले. मला अरबी येत नाही. चहा संपवला आणि उठलो.