नवीन कार्ड येऊन राह्यलं

"पुढच्या महिन्यात नवीन कार्ड येऊन राह्यलं, संजूभौ. आता जुनं मॉडेल घेणं म्हणजे निव्वळ बेवकूफी," असं म्हणून बाबूजींनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मोबाइलमध्ये उलटी टोपी घातलेला एक पोरगा हातवारे करून इंग्रजीत काहीतरी सांगत होता. बाबूजींच्या मागं त्यांची पोरगी प्रणाली उभी होती. तिला त्या टोपीवाल्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला सोमवारपासून कामावर बसायचं होतं आणि तिचा कॉम्प्युटर आंधळा होता.

मोताळ्यात बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. बाबूजी म्हणजे भगवानराव इंगळे. एका सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. अख्खी गल्ली त्यांना बाबूजीच म्हणते. प्रणालीनं इंटिरिअरचा डिप्लोमा केलेला. नाशिकच्या एका फर्निचर कंपनीनं तिला महिनाभराच्या ट्रायलवर घेतलं होतं. ग्राहकाचं किचन बनायच्या आधी ते कसं दिसेल, याचं हुबेहूब चित्र तिनं घरी बसून कॉम्प्युटरवर बनवायचं. महिना नीट गेला तर पक्की नोकरी. नाही गेला तर, तिच्याच शब्दांत, "मोताळ्यात बसून दुसरी नोकरी कोण देईन मले, संजूभाऊ?"

आता कॉम्प्युटर आंधळा कसा, ते सांगतो. काही प्रोसेसरमध्ये स्क्रीनवर चित्र उमटवायची सोय आतच असते. काहींमध्ये नसते, ते थोडे स्वस्त पडतात. मग चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवावं लागतं. बाबूजींनी पुण्याच्या भाच्याचं ऐकून मागच्या वर्षी दुसऱ्या जातीचा प्रोसेसर घेतला. जोडणी मीच केली. बाबूजी, कार्डाशिवाय काही दिसायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, कार्ड नंतर. नवीन येऊन राह्यलं.

तेव्हापासून ते मशीन त्यांच्या बैठकीत भरतकामाच्या कव्हरखाली बसलेलं. बटन दाबलं की पंखे फिरत, लाइट लागत आणि स्क्रीन काळा. बाबूजी पाहुण्यांना ते पंखे दाखवत. दसऱ्याला त्याची पूजा झाली, झेंडूचा हार घातला. एक अक्षर उमटवायच्या आधीच ते मशीन देवत्वाला पोचलं होतं.

तसं पाहिलं तर बाबूजींचं चुकत नव्हतं आणि तीच खरी अडचण होती. नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो, हे खरंच आहे. पण ते आल्यावर बाबूजी त्याच्या पुढच्याची वाट पाहत. मोबाइल असाच, फ्रिज असाच, प्लॉट असाच. पोरीच्या स्थळांचंही तेच चाललेलं. हे ठीक आहे, पण याच्यापेक्षा बरं येईल. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. इथं तर तुरी अजून पेरल्याही नव्हत्या, नुसता पोरगा टोपी घालून पेरणीच्या गप्पा मारत होता.

मी म्हटलं, "बाबूजी, नवीन आलं की घेऊच. तोवर कामचलाऊ एखादं टाकू."

माझ्याकडे दोन कार्डं होती. एक नवंकोरं, सीलबंद डब्यातलं, बारकं. त्यानं चित्र दिसलं असतं, पण प्रणालीच्या कामाला ते पुरणारं नव्हतं. कार्डाची स्वतःची मेमरी असते. ती मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. ओटा हातभर असला तर चहा होतो, पंगत होत नाही. दुसरं कार्ड ओट्यानं मोठं, पण वापरलेलं. जळगाव जामोदच्या आसिफभाईनं गेमिंग कॅफे बंद केला, तेव्हा त्याच्याकडून घेतलेलं. भाव दोन्हींचा जवळपास सारखाच.

"वापरलेली वस्तू आमच्या घरात येत नाई," बाबूजी म्हणाले. मग म्हणाले, "उद्या सांगतो. घरच्यांले दाखवा लागते."

मला वाटलं, म्हणायची पद्धत आहे. नाही हो. दुसऱ्या दिवशी खरोखर पाहण्याचा कार्यक्रम झाला. वडनेर भोलजीहून प्रणालीचे मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. पुण्याचा भाचा व्हिडिओ कॉलवर. मी चार कप चहा सांगितला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. मामांनी ते उचलून उलटं केलं, सुलटं केलं, पंखा बोटानं फिरवला. वय किती? आधी कोणाच्या घरी होतं? तिथून काऊन निघालं? काही आजारपण? दिवसाचे किती तास काम करायचं? भाचा पुण्याहून सांगत होता की कार्ड खिडकीजवळ धरा, रंग नीट दिसत नाही. त्या कार्डाला माझ्यासमोर जेवढे प्रश्न झाले, तेवढे मला माझ्या सासऱ्यानं विचारले नव्हते.

शेवटी मामा म्हणाले, मूळ मालकाशी बोलणं करून द्या. म्हणजे आता खानदान निघालं. मी आसिफभाईला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, कार्ड एक नंबर हाय. पोट्टे मोबाइलवर खेळायले लागले म्हून दुकान बंद केलं. त्याच्यात कार्डाची काई गलती नाई."

मामांचं समाधान झालं. बाबूजींचं नाही. सीलबंद डबा हातात घेऊन ते म्हणाले की हे नवं आहे, वॉरंटी आहे, चारचौघांत सांगता येतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बोलणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली प्रणाली बोलली.

"बाबूजी, मले हे नांदवायचं नाई. काम करून घ्यायचं हाय."

मामा चहाच्या कपात हसले. बाबूजी हसले नाहीत, पण डबा खाली ठेवला. मला एकदम आठवलं की हा माणूस आयुष्यभर सरकारी ऑफिसात बसलेला आहे. तिथं पक्क्या निर्णयाला दहा सह्या लागतात, पण तात्पुरत्या व्यवस्थेला कोणी हात लावत नाही. तात्पुरत्या चार्जवर माणसं रिटायर होतात. मी वापरलेल्या कार्डाचं बिल काढलं आणि खाली ठळक लिहिलं, 'नवीन मॉडेल येईपर्यंत तात्पुरती व्यवस्था.' बाबूजींनी चष्मा लावून ते वाचलं. चेहरा मोकळा झाला. "असं असलं तर मंग हरकत नाई," म्हणाले.

संध्याकाळी घरी जाऊन कार्ड बसवलं. स्क्रीन उजळला तेव्हा प्रणालीच्या आईनं हात जोडले. बाबूजी म्हणाले, चांगलं दिसते, पण नवीनमध्ये याच्याहून चांगलं दिसलं असतं.

मग ट्रायल सुरू झाली. मधूनमधून प्रणालीचा मेसेज यायचा, काम ठीक चाललं आहे. मीही विसरून गेलो. महिन्याच्या शेवटी कंपनीनं तिला मोठं काम दिलं, एका शोरूमचं पूर्ण किचन. संध्याकाळी पाचच्या आत फाइल गेली पाहिजे. त्यावरच पास की नापास. भर दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला. मशीन धाडकन बंद पडतं. चालू केलं, रेंडर लावला, की पुन्हा बंद. रेंडर म्हणजे तयार केलेल्या नकाशावर उजेड, सावली, चकाकी चढवून शेवटचं चित्र काढणं. कार्डाचा खरा घाम तिथं निघतो.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी शटर अर्धं ओढलं आणि गाडीला किक मारली. मे महिना होता. हँडल हातात धरवत नव्हतं.

घरात शिरलो आणि पाहतच राहिलो. बाबूजींनी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ओढत आणून सरळ कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावला होता. ओली हवा धो धो आत चाललेली. स्वतः बनियनवर, घामानं निथळत बाजूला उभे.

"बाबूजी, मशीन जाळता का आता? कूलर बंद करा!" मी ओरडलोच. ओलसर हवा आत गेली की बोर्डाची वाट लागते.

"तापून राह्यलं होतं ते," ते बारीक आवाजात म्हणाले. "म्हून लावला."

मी कार्ड बाहेर काढलं. दोष नव्हता, उन्हाळा होता आणि कॅफेतलं जुनं वय होतं. कार्डातल्या चिपवर धातूचा एक ठोकळा असतो, तो उष्णता ओढून घेतो. दोघांच्या मधे एक पेस्ट लावतात. ती वाळली की उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही. चिप तापते आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. ही पेस्ट पार वाळून खडखडीत झाली होती. देताना मी पंखा साफ केला होता, पेस्ट बदलली नव्हती. म्हटलं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तात्पुरतं म्हटलं की मीसुद्धा तात्पुरतंच काम करतो, हे तेव्हा कळलं.

जुनी पेस्ट खरवडली, नवीन लावली, कार्ड बसवलं, कॅबिनेटचं झाकण काढूनच ठेवलं. आता कोरडा वारा पाहिजे होता. बाबूजींनी आतल्या खोलीतला उभा पंखा आणला आणि मशीनकडे वळवला. रेंडर सुरू झाला. स्क्रीनवर किचन तुकड्यातुकड्यानं उमटायला लागलं. आधी ओटा, मग वरची कपाटं, मग खिडकीतून येणारा उजेड. प्रणाली नखं खात होती. बाबूजी गळ्यातल्या दुपट्ट्यानं स्वतःला वारा घालायचे आणि मधेच तो दुपट्टा मशीनकडेही हलवायचे. त्याचा उपयोग शून्य होता. मी तो हलवू दिला.

फाइल पाचच्या आत गेली. थोड्या वेळानं कंपनीचं उत्तर आलं. चित्र पसंत, नोकरी पक्की. प्रणाली आईच्या गळ्यात पडली. बाबूजींनी मला जेवूनच जायचा हुकूम सोडला.

उत्तरात खाली एक ओळ आणखी होती. ती प्रणालीनं आमचं जेवण झाल्यावर वाचून दाखवली. पहिलं वर्ष नाशिकच्या ऑफिसात बसावं लागेल.

बाबूजी लगेच म्हणाले, "त्यायले सांग, घरी नवीन कार्ड येऊन राह्यलं. इथूनच करीन म्हणा."

"बाबूजी, तिथं कंपनीचं मशीन हाय."

"पण तिथलं कसं असीन, काय सांगता येते? थोडं थांबू ना."

"थांबलो असतो तर हेही मिळालं नसतं, बाबूजी."

ती शांतपणेच बोलली. बाबूजी उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. पुढच्याच आठवड्यात प्रणाली मलकापूरहून नाशिकच्या गाडीत बसली. डबा आणि गादी घेऊन बाबूजी स्टेशनवर गेले होते, असं मामांकडून कळलं.

आणि मग ते आलं. ज्याच्यासाठी एवढं ताटकळणं, ते नवीन कार्ड खरोखर बाजारात आलं. मी इमानदारीनं बाबूजींना फोन केला. ते दुकानात आले, भाव विचारला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "राहू द्या. दिवाळीपर्यंत याच्या पुढचं येऊन राह्यलं."

आता मात्र माझी सटकली. एवढे दिवस तोंड आवरलं होतं, ते सुटलं. म्हटलं, "बाबूजी, कायले हा कुटाणा? पोरगी नाशिकले. घरी मशीन चालवते कोण? तुम्हाला कार्ड पाहिजे कशाला?"

बाबूजींनी दुपट्ट्यानं काउंटरवरची काच पुसली. मग म्हणाले, "दिवाळीले प्रणाली येईन. घरी तिथल्यापेक्षा चांगलं मशीन असलं, तर म्हणता येते, बाई, इथूनच कर."

"मग घ्या ना आत्ताच. आलंय ते."

"घेतलं, बसवलं," ते म्हणाले, "अन् तरी गेली परत, तर? मंग मी काय म्हणू?"

वापरलेलं कार्ड मी देऊ शकत होतो, पेस्ट बदलून देऊ शकत होतो. याला काय देणार? मी चहा सांगितला. आम्ही दोघांनी तो प्यायला. जाताना ते दारात वळून म्हणाले, पुढच्याचं काही कळलं तर सांगत जा. मी म्हटलं, हाव, सांगतो.

तेव्हापासून धंद्यात एक बदल केला. गिऱ्हाईक 'नवीन येईस्तोवर थांबतो' म्हणालं की पूर्वी मी वाद घालायचो. आता घालत नाही. आधी विचारतो, मशीनवर बसणार कोण आहे आणि ते माणूस सध्या घरी आहे का. घरी असलं, तर तात्पुरतं कार्ड काढून दाखवतो. नसलं, तर चहा सांगतो.