वाढीचे टाके

प्रसूतीच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून, एक खोली होती. चादरींच्या घड्या घालायच्या, फाटक्या अभ्र्यांना ठिगळ लावायचं, डाग न गेलेले कपडे वेगळे काढायचे, एवढ्या कामासाठी तिथे एक बाई बसायची. सगळे तिला मावशी म्हणत. पण गेली अकरा वर्षं ती आणखी एक काम करत होती. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नव्हतं.

वरच्या मजल्यावर एखादं बाळ मेलेलं जन्माला आलं की नर्स खाली यायची आणि काही न बोलता टेबलावर दोऱ्याचा तुकडा ठेवायची. बाळाच्या डोक्याभोवती फिरवून कापलेला दोरा. तो आला की मावशी बाकीच्या घड्या बाजूला सारायची आणि क्रोशाची सुई काढायची. दोऱ्याएवढी साखळी, तिचं कडं, त्यावर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या, दोन ओळी, वर पाच टोकं. झाला मुकुट. दीड तासाच्या आत व्हायलाच हवा, कारण त्या बाळांना थांबायला वेळ नसतो. रंग नेहमी पांढरा. एकदा एका नव्या नर्सने विचारलं, "साधं टोपरं का नाही हो?" तेव्हा मावशी तिच्यावर उखडली. "टोपरं ओढून घालावं लागतं. त्या लेकरांची कातडी ओढण्यासारखी असते का? मुकुट वरून अलगद ठेवता येतो. कपाळावरचं काळंनिळंही झाकतं."

मुकुट घातला की बाळ आईला दाखवायचं आणि एक फोटो काढून द्यायचा, ही रीतही मावशीच्याच हट्टाने पडलेली. नातेवाईक म्हणायचे, नका दाखवू, कशाला तिला त्रास. मग मावशी दोन-दोन जिने चढून वर जायची. गुडघे कुरकुरायचे, तोंड त्याहून जास्त. "तिने पोटात वाहिलंय, तुम्ही नाही. तिला बघू द्या. न बघितलेलं जन्मभर छळतं." मोठ्या डॉक्टरांनाही तिने हेच सुनावलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले होते, "मावशी, टाके आम्हीही घालतो, पण तुमच्यापुढे बोलायची सोय नाही."

घरी मुलगा आणि सून. आई हॉस्पिटलातल्या बाळांसाठी मुकुट करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुठल्या बाळांसाठी, हे ना त्यांनी विचारलं, ना तिने सांगितलं. जेवताना काढण्यासारखा विषय नव्हता तो. सून तर शेजारणींना कौतुकाने सांगायची की आमच्या आईंनी निम्म्या गावाला मुकुट घातलाय. मावशी भाजी चिरत खाली मान घालून ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी सुनेला आठवा महिना लागला आणि पोटातली हालचाल थांबली. तिला मावशीच्याच हॉस्पिटलात आणलं. तिची शुद्ध हरपलेली, अंगात ताप. दुपारी नर्स खाली आली. या वेळी दोरा टेबलावर ठेवायचा तिला धीर झाला नाही, मुठीतच धरून ती उभी राहिली. मावशीनेच तिची बोटं सोडवून तो घेतला. साखळी घातली, खांब घातले, टोकं घातली. एकही टाका चुकला नाही, आणि याचा तिला पुढे फार राग येत राहिला. मग ती स्वतः वर गेली आणि नातवाच्या डोक्यावर तिने मुकुट ठेवला. केस दाट होते. नाक थेट सुनेचं.

नर्स म्हणाली, "आईला शुद्ध आली की दाखवू ना?"

"नको," मावशी म्हणाली. "फोटोही नको. ती कोलमडेल."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना, त्यातली गत. पण खरं कारण सून नव्हतंच. ते बाळ हातात घेतल्यावर सुनेचा जो चेहरा झाला असता, तो बघायची हिंमत मावशीत नव्हती. परक्या बायकांचे असे चेहरे तिने शेकड्यांनी पाहिले होते, संध्याकाळी घरी जाऊन ती जेवलीही होती. हा चेहरा मात्र रोज समोर असणार होता. मुलगा हॉस्पिटलच्या कार्यालयात कागदांवर सह्या करत होता. "आई, तू म्हणशील तसं," एवढंच तो बोलला आणि त्यानेही बाळ पाहिलं नाही. सून शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मावशीने तिला सांगितलं की आम्ही कोणीच पाहिलं नाही, बघण्यासारखं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून निजून राहिली.

त्यानंतर मावशीच्या मनाला एक भीती चिकटली. हे हिला कधी कळलं, तर ही आपल्याला परत आई म्हणणार नाही. सून मुळात पोरकी, लग्न होऊन आली त्या दिवसापासून सासूला जीव लावणारी. मावशी गप्प राहिली. हॉस्पिटलात आता ती जिने चढून वर जात नसे. गुडघे दुखतात म्हणून सांगायची.

यंदा सुनेला मुलगी झाली. रडकी, भुकेली, धडधाकट. सून म्हणाली, "आई, सगळ्यांच्या बाळांना करता, आता आमच्या बाईसाहेबांना कधी?" मावशीने आज-उद्या करत टाळलं. पण सुनेने पिच्छा सोडला नाही. तीन महिन्यांची झाली की मुकुट घालून फोटो काढायचा, हे तिने ठरवूनच टाकलं होतं. शेवटी मावशीने पिवळा दोरा आणला. मुद्दाम पिवळा. बाळ दहा दिवसांचं होतं तेव्हा, ते गाढ झोपलेलं असताना, तिने डोक्याभोवती दोरा फिरवून माप घेतलं, दीड तासात मुकुट पुरा केला आणि कपाटात ठेवून दिला. इतका सुबक मुकुट तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

तीन महिने भरले त्या रविवारी सकाळी मुलाने खिडकीपाशी चादर अंथरली. बाळ मावशीच्या मांडीवर. सुनेने मुकुट घातला, तर तो कानांच्या वरच अडला. जरा दाबला, तर बाळाने भोकाड पसरलं. काढला तेव्हा कपाळावर लाल वळ उठलेला.

सून हसायला लागली. "अहो आई! हे काय माप? अकरा वर्षं मुकुट करताय आणि बाळ वाढतं एवढंही लक्षात नाही? चार टाके वाढीचे घालायचे की नाही!"

मुलगाही हसला. मावशी बाळाचं कपाळ चोळत होती. सगळं लक्ष त्या लाल वळावर. ती सहज म्हणून गेली, "माझी वाढत नाहीत गं."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. मुलाने फोन खाली केला. सून अजून हसतच होती, पण ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं. ती समोर खाली बसली.

"कोणाची वाढत नाहीत?"

मावशी बाळाचं कपाळ चोळतच राहिली.

"आई, तुम्ही मुकुट कोणासाठी करता?"

"जी पोटातच गेलेली येतात, त्यांच्यासाठी."

बाळ रडून रडून थकलं आणि मावशीच्या मांडीवर उचक्या देत राहिलं.

"आमच्या त्यालाही केला होता?"

"हो."

"कोणी घातला?"

"मी."

"म्हणजे तुम्ही त्याला पाहिलंत."

मावशीने मान हलवली. मुलगा काही बोलायला गेला, तर सुनेने त्याच्याकडे न बघताच हात वर केला. मग ती एकेक विचारत गेली आणि मावशी सांगत गेली, आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. केस होते? होते, दाट, काळे. हात? मुठी आवळलेल्या. नखं? होती, सगळी. कशात गुंडाळलं? मऊ धुतलेल्या पांढऱ्या चादरीत, मी स्वतः निवडलेल्या. नाक? तुझं. डोळे कसे होते, हे तिने दोनदा विचारलं. मावशीने दोनदा सांगितलं की मिटलेले होते, ते नाही मला सांगता येणार.

"तुम्ही म्हणालात, बघण्यासारखं नव्हतं."

"तू कोलमडशील असं वाटलं," मावशी म्हणाली. मग खरं बोलली. "तुझ्याकडे बघवलं नसतं मला."

"आई" हा शब्द सुनेच्या ओठांपर्यंत येऊन परत गेला, हे मावशीने पाहिलं. सून उठली, वाकली आणि तिने सासूच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं.

"दोन वर्षं मला वाटत होतं, त्याला बघणारं कोणीच नव्हतं. एकदा तरी त्याला माझ्या मांडीवर द्यायचं होतंत."

ती आतल्या खोलीत गेली आणि मुलीला पाजायला बसली. मावशी पसरलेल्या हातांनी तशीच बसून राहिली. हात कुठे ठेवायचे, ते तिला कळेना.