सरांना दगडात काय दिसायचं

उत्खननाच्या कॅम्पवर तीन हंगाम काढले की दगडांपेक्षा किस्से जास्त जमतात. मुरुम गावाजवळच्या आमच्या कॅम्पवर तर ते पुरवायला आमचे सर एकटेच पुरेसे होते.

काम तसं साधं. आदिमानवाच्या गारगोटीच्या पात्यांची धार मायक्रोस्कोपखाली बघायची. गवत कापलं असेल तर धारेला चकाकी येते, कातडं खरवडलं असेल तर ती बोथट, गोलसर होते. सर मायक्रोस्कोपला डोळा लावतच नसत. पातं हातात घ्यायचे आणि सांगायचे, "शिकार!" त्या काळात माणसाला दुसरा धंदाच नव्हता जणू.

*

एकदा पाहुणे येणार म्हणून सरांनी पाती तारेच्या घासणीनं घासून घेतली. मी अडवायला गेले, तर म्हणाले, "स्वच्छता नको का?" हजारो वर्षांच्या खुणा तासाभरात मोरीत गेल्या. वर घासणीचे ओरखडे पाहुण्यांना दाखवले, हाड कापल्याच्या खुणा म्हणून! पाहुण्यांनी फोटोही काढले.

*

पुढं उमरग्याला नेताना सगळी पाती एकाच पोत्यात कोंबली. जीपमध्ये एकमेकांवर आपटून धारांचे टवके उडाले. सरांनी त्यावर लेख लिहिला, टोळीयुद्धाचे पुरावे सापडले म्हणून. तो छापूनही आला, आता बोला!

*

मी नवी पाती घडवली, आठवडाभर गवत कापलं आणि नंतर सापडलेल्या, न घासलेल्या जुन्या धारांशी ताडून बघितलं. चकाकी तीच. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. सर म्हणाले, "गवत बायका कापतात. हे प्रकरण काढून टाक." तीन वर्षांची मेहनत होती. आधी रडले, मग भयंकर चिडले.

*

शेवटी प्रबंधाच्या परीक्षक बाई आल्या. वाद मिटवायला त्यांनीच तोडगा काढला. खोदकामावरच्या रुक्मिणबाईंनी एक नवं पातं वापरून द्यायचं आणि कशावर वापरलं ते आम्ही दोघांनी ओळखायचं. ज्याचं बरोबर येईल, प्रकरणाबाबत त्याचं ऐकायचं.

मी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'ओली भाजी'. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. चांगली दहा मिनिटं बघितलं.

"हरीण," सर म्हणाले. "आणि कापणारा उजव्या हाताचा, तगडा पुरुष."

रुक्मिणबाईंनी पदराला हात पुसले. "न्हाय साहेब. म्या डावखुरी हाय. सकाळी त्या पात्यानं दोडक्याच्या शिरा काढल्या. दुपारी तुमीच दोनदा भाजी मागून घेतली की."

परीक्षक बाईंनी माझ्या प्रकरणावर सही करायला पेन मागितलं. जवळ सरच उभे होते.