ओविद सावोआ आणि पुढचा माणूस

रेस्टिगूश नदीवर सामन मासा पकडायला येणारे पाहुणे ओविद सावोआबद्दल दोन गोष्टी ऐकूनच यायचे. एक म्हणजे होडी त्याच्याइतकी हळुवार कुणी नेत नाही. दुसरी म्हणजे त्याच्या होडीत बसलात तर दिवसभर निरोप्याचं काम करावं लागतं.

सव्वीस फुटांची ती लांब, अरुंद कनू. मागे पिछाडीला ओविद, हातात वल्हं किंवा बारा फुटी दांडा. पुढे नाळेवर फिलेआस. नांगर त्याच्या ताब्यात, हातजाळंही त्याच्याच पायाशी. आणि मध्ये खुर्चीवर गळाची काठी घेऊन बसलेला पाहुणा. फिलेआस हा ओविदच्या थोरल्या बहिणीचा, रोझाल्माचा नवरा. नात्यानं दाजी. पण ओविद त्याला दाजी म्हणत नसे. तो पाहुण्याला म्हणे, "साहेब, पुढच्या माणसाला सांगा, नांगर उचल." साहेब मान वळवून ते सांगत. मग पुढून उत्तर येई, "मागच्या माणसाला सांगा, डाव्या अंगाला खडक आहे, त्याला दिसत नसेल कदाचित." साहेब पुन्हा मान वळवत. दोघांमध्ये अंतर जेमतेम वीस फूट, आणि दोघांचेही कान हरणासारखे.

हे अकरा वर्षं चाललं होतं.

ओविद नदीकाठचाच. सातव्या वर्षी बानं त्याला होडीत उभं करून दांडा हातात दिला आणि स्वतः काठावर बसून पाइप ओढत राहिला. पोरगं चार वेळा पाण्यात पडलं, पाचव्यांदा पडलं नाही. अठराव्या वर्षी तो वरच्या वळणावरच्या मासेमारीच्या तळावर वाटाड्या म्हणून लागला. हिवाळ्यात लाकूडतोड, मे महिन्यात बर्फ फुटलं की होड्यांना रंग, जून ते ऑगस्ट नदी. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणे, "राहून गेलं." रस्त्यापलीकडे रोझाल्माचं घर. रविवारी जेवायला तिथं.

फिलेआस त्याच तळावर आला तेव्हा पहिल्या आठवड्यातच दोघांना कळलं की आपली जोडी बसली आहे. असं कळायला बोलावं लागत नाही. मासा गळाला लागला की नांगर उचलायचा, होडी वळवायची, काठाकडे न्यायची, आणि हे सगळं मासा धावत असताना, दोरा सैल न पडू देता. फिलेआसचा हात नांगराच्या दोरावर गेला की ओविदचं वल्हं आपोआप पाण्यात शिरलेलं असे. एकाच माणसाचे चार हात, असं लोक म्हणत.

मग एकोणीसशे त्रेपन्न साली तो मासा आला. घंटेचा डोह म्हणतात त्या खोल पाण्यात पाहुण्याच्या गळाला लागला आणि सव्वा तास त्यानं तिघांनाही घाम फोडला. शेवटी काठाशी आला, थकून कुशीवर वळला. फिलेआसनं जाळं पुढं केलं, जाळ्याची कड माशाच्या शेपटीला लागली, मासा उसळला आणि दोरा तुटला. पाहुणा काही बोलला नाही. ओविद बोलला.

"जाळं आहे ते. सूप ढवळायचा चमचा नव्हे."

"होडी वेळेवर वळवली असतीस तर चमच्यानंही घेतला असता," फिलेआस म्हणाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर संध्याकाळपर्यंत विरलं असतं. पण रात्री जेवणाच्या टेबलावर, सगळ्या वाटाड्यांसमोर, ओविद म्हणून गेला, "उगाच नाही आमच्या बानं याला मुलगी द्यायला तीन वर्षं लावली. माणूस ओळखत होता तो."

फिलेआसनं सुरी खाली ठेवली. म्हणाला, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस."

"बरं," ओविद म्हणाला.

आणि तो शब्दाचा पक्का. तळाचा व्यवस्थापक मर्डॉक यानं त्यांना वेगळं करून पाहिलं. ओविदला दुसरा जोडीदार दिला, त्यानं आठवड्यात दोनदा नांगर अडकवला. फिलेआसला दुसऱ्या होडीत घातलं, तो म्हणाला, "ही होडी चालत नाही, लोळते." दहा दिवसांत दोघं आपणहून आपल्या जुन्या जागांवर येऊन बसले. बोलणं मात्र पाहुण्यातर्फे. रविवारी रोझाल्मातर्फे. ती दोघांच्या मध्ये बसायची. "फिलेआस, तो मीठ मागतोय. ओविद, हा म्हणतोय घे. आणि दोघंही ऐका, माझं जेवण थंड होतंय."

ओविदला आपण काय बोललो ते चांगलं ठाऊक होतं. हिवाळ्यात झाडाला करवत लावताना ते वाक्य त्याला आठवायचं आणि कान गरम व्हायचे. पण ज्यानं बोलू नकोस म्हटलंय त्याची माफी मागायची कशी? तिऱ्हाईत पाहुण्याकरवी? "साहेब, पुढच्या माणसाला सांगा, माझं चुकलं"? हे काही जमण्यासारखं नव्हतं.

चौसष्टच्या जूनमध्ये डॉक्टर लाकास यायचे होते. दरवर्षीचे पाहुणे. पण वसंतात जिन्यावरून पडून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं आणि त्यांनी आपल्या जागी, आपल्या काठ्यांसकट, बहिणीला पाठवून दिलं. लाकासबाई क्वेबेक शहरात चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. लहानखुऱ्या, ताठ, डोक्यावर भावाची टोपी, तीत गळाला लावायच्या दहा-बारा पिसांच्या माश्या टोचलेल्या. काळ्या माश्या चावू नयेत म्हणून तोंडाला डांबराचं तेल फासून सकाळी सहाला घाटावर हजर. ओविदनं हात पुढे केला, तो न घेताच त्या होडीत उतरल्या आणि बरोबर मध्यावर पाय टाकला. ओविदनं ते पाहून ठेवलं.

घंटेच्या डोहाच्या तोंडाशी फिलेआसनं नांगर सोडला. बाई मागे, प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसल्या आणि काठी उचलली. फेक लांब नव्हती, पण नेटकी होती. दोरा मागे जाऊन सरळ व्हायचा, बाई तेवढा वेळ थांबायच्या, मग पुढे. माशी पाण्यावर अलगद पडून प्रवाहाबरोबर अर्धवर्तुळात फिरायची. डावीकडे, उजवीकडे, दर वेळी हातभर दोरा जास्त. पाणी पुरतं चाळून झालं तेव्हा ओविद म्हणाला:

"बाई, पुढच्या माणसाला सांगा, नांगर उचल. नांगराच्या दोन दोरांएवढं खाली जाऊ."

बाईंनी काठी मांडीवर घेतली. "तो इथंच बसलाय की. त्याला ऐकू येत नाही?"

"येतं."

"मग?"

"माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. आम्ही बोलत नाही."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली, बाई."

बाईंनी ओविदकडे पाहिलं, वळून फिलेआसकडे पाहिलं. फिलेआस नदी बघत होता. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय हे न बघता ओळखणारी नजर होती बाईंची. "अच्छा," त्या म्हणाल्या. मग मान वळवून, अगदी स्वच्छ आवाजात: "फिलेआस, ओविद म्हणतायत, दाजी, फार त्रास नसेल तर कृपया नांगर उचलता का? तुमच्यासारखा नांगर या नदीवर कुणी उचलत नाही."

फिलेआसचा हात दोरावरच थांबला. ओविद काय म्हणाला ते त्यानं ऐकलं होतं. बाई काय म्हणाल्या तेही. तो म्हणाला, "मागच्या माणसाला सांगा, उचलतो."

"ओविद, ते म्हणतायत, तुझ्यासाठी काय वाटेल ते, बाबा."

ओविदनं वल्हं पाण्यात घातलं. त्याला काय करावं सुचेना. पाहुण्यानं निरोप गाळला, असं झालं होतं. निरोपात साखर घातली, असं कधी झालं नव्हतं. पुढच्या थांब्यावर तो जरा जपून म्हणाला, "बाई, त्याला सांगा, थोडं डावीकडे."

"फिलेआस, ते म्हणतायत, थोडं डावीकडे घेतलंत तर बरं, पण नदी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते."

"मी असं म्हणालो नाही, बाई."

"मनात असेल."

"मनातही नाही."

पुढून घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. फिलेआस म्हणाला, "मागच्या माणसाला सांगा, अकरा वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला."

"ओविद, ते म्हणतायत, तुझी फार आठवण येते."

"हे मी बोललो नाही," फिलेआस म्हणाला.

"आणि मी कृपया म्हटलं नव्हतं, फिलेआस," ओविद म्हणाला. "एकदाही नाही."

"ऐकलंय मी. कान आहेत मला."

शब्द थेट वीस फूट गेले होते आणि थेट परत आले होते. ओविदला वाटलं, जणू होडी मध्येच हलकी झाली. बाई काही न झाल्यासारख्या काठी उचलून फेकायला लागल्या. दोरा मागे, थांबणं, पुढे. माशी डोहाच्या काळ्या भागावरून फिरत गेली, आणि पाण्याखाली कुणीतरी दार लोटावं तसं पाणी फुगलं.

"ओढू नका," ओविद म्हणाला. "वळू द्या त्याला. आता."

बाईंनी काठी उचलली. रीळ किंचाळायला लागलं.

"दाजी, नांगर."

फिलेआसनं नांगर आधीच उचलला होता.

मासा खाली धावला. होडी त्याच्यामागे. ओविदनं दांडा उचलला, तळाच्या गोट्यांवर टेकवत वेग धरला, उजवा खडक सोडला, डावा सोडला. "खडक," फिलेआस म्हणाला. "दिसला," ओविद म्हणाला. "वळतोय तो." "मीही वळतोय." मासा हवेत उडाला, रुपेरी, रुंद, आणि पडला तेव्हा फळी आपटल्यासारखा आवाज झाला. "काठी खाली करा, बाई, तो उडाला की त्याला मान द्यायचा." बाईंची टोपी पाण्यात गेली. त्यांनी बघितलंही नाही.

चाळीस मिनिटांनी होडी वाळूच्या उथळ काठाला लागली. फिलेआस जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. मासा कुशीवर वळला, सरळ झाला, पुन्हा वळला. ओविदच्या जिभेवर सूचना आली होती. त्यानं ती गिळली. फिलेआसनं जाळं बुडवून ठेवलं आणि हललाच नाही, माशालाच आत येऊ दिलं. मग उचललं.

एकतीस पौंड. बाई वाळूवर बसून हसत होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या.

वाळूवरच चूल पेटवली. फिलेआसनं किटली ठेवली, ओविदनं कुट्टूच्या पिठाची धिरडी घातली आणि काकवीची बाटली काढली. बाई टोपी शोधायला काठाकाठानं गेल्या. टोपी केव्हाच समुद्राच्या वाटेला लागली होती, हे त्यांनाही ठाऊक असावं. दोघंच उरले.

ओविदनं धिरडं उलटलं. "बाचं नाव घेऊन जे बोललो," तो म्हणाला, "ते खोटं होतं. बाला तू पहिल्या दिवसापासून आवडायचास. तीन वर्षं लावली ती आईनं."

"ठाऊक आहे मला," फिलेआस म्हणाला. "तुझ्या आईनंच सांगितलेलं. माझं पिणं सुटतंय का बघत होती म्हणे."

"कधी सांगितलं?"

"लग्नाच्या दिवशी."

ओविदनं उलथनं खाली ठेवलं. "मग त्रेपन्न साली तुला माहीतच होतं, की मी खोटं बोलतोय."

"होय."

"मग अकरा वर्षं कशाला?"

"तू कबूल करतोस का बघत होतो."

"तूच म्हणालास बोलू नकोस."

"ते रागात म्हणालो. माणूस रागात बोलतो. ते तू लगेच बरं म्हणशील असं मला काय ठाऊक? दुसरा कुणी असता तर एकदा तरी आग्रह केला असता." फिलेआसनं किटली उतरवली. "धिरडं करपतंय."

खरंच करपत होतं. ओविदनं ते स्वतःच्या ताटलीत घेतलं आणि पुढचं, नीट भाजलेलं, दाजींना दिलं.

बाई परत आल्या तेव्हा दोघं वाद घालत होते, मोठ्यानं, कॉफी कडू झाली का नाही यावर. बाईंनी कप पुढे केला आणि एकही निरोप पोचवला नाही. त्यांच्या उरलेल्या पाच दिवसांत आणखी दोन मासे मिळाले, लहान, आणि घरी जाताना त्यांनी मर्डॉककडे पुढच्या जूनची तीच होडी मागितली.

मर्डॉकचं मात्र काम वाढलं. पूर्वी पाहुणे तक्रार करत की ही माणसं बोलत नाहीत. आता जुलैभर तक्रार, की थांबत नाहीत. अकरा वर्षांचं साठलेलं: कोणाची गाय, कोणाचं बारसं, एकोणसाठच्या पुरात पुलाचा कुठला खांब आधी गेला. एका न्यूयॉर्कच्या वकिलानं लिहून दिलं की मासा लागला हे त्याला तीनदा सांगावं लागलं. रोझाल्मा म्हणाली, "पूर्वी माझंच जेवण थंड व्हायचं, आता तिघांचं होतं."

ऑगस्टअखेरीस, हंगामाच्या शेवटच्या रविवारी, दोघांनी तिला होडीत घातलं. ती साठीला टेकलेली. अर्धं घर नदीवर पोसलं गेलं, पण मधल्या खुर्चीवर ती जन्मात कधी बसली नव्हती. ती जागा पाहुण्यांची. ओविदनं तिच्या हातात काठी दिली, दोरा मागे नेऊन कसं थांबायचं ते सांगितलं. फिलेआसनं सांगितलं, असं नाही, तसं. मग दोघांमध्ये ते जुंपलं, आणि होडी आपल्या आपण मॅपलच्या सावलीतून खाली सरकत राहिली. काठावर एक-दोन पानं लाल व्हायला लागली होती. रोझाल्मानं दोघांचंही न ऐकता दोरा फेकला, कसाबसा, आणि काठी वाकली.

"मासा लागलाय," ती म्हणाली.

"आधी मनगट सरळ ठेव, अक्का," ओविद म्हणाला.

"मनगट नाही, कोपर," फिलेआस म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं नाही. गुडघ्यात काठी धरून, दोरा हातानंच गोळा करत, ती आपला ट्राउट मासा होडीजवळ आणत राहिली.