उल्काची काळी चार

बिबवेवाडीतल्या अवधूत पेंडसे यांच्या कानाबद्दल ओळखीच्यांत दुमत नव्हतं. स्वभावाबद्दल होतं. उभा जन्म त्यांनी गवयांना पेटीची साथ केली. स्वारगेटला वळणाऱ्या बसचा ब्रेक कोणत्या पट्टीत किंचाळतो, हेही ते कुणी न विचारता सांगत.

पत्नी उल्का गेली आणि मागे तिच्या गाण्याची एकुलती एक तबकडी राहिली. ती ऐकायला त्यांनी जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. लावला, तर आवाज चढा. उल्का काळी चारमध्ये गायची. हा सूर त्याच्या वर. फिरत्या चकतीच्या कडेला ठिपके होते. वेग बरोबर असला की ते जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. ते थांबलेलेच दिसत होते.

"ठिपक्यांना काय कळतंय गाण्यातलं," म्हणत अवधूतरावांनी वेगाचं बटण मागे फिरवलं. ठिपके सरकू लागले आणि उल्का घरी आली. मग रोज संध्याकाळी येऊ लागली.

एकदा मेहुणी आली. पद्मजाने थोरल्या बहिणीमागे बसून वर्षानुवर्षं तानपुरा धरला होता. दोन ओळी ऐकून तिने चहा खाली ठेवला.

"भावोजी, हे उतरलंय."

"काळी चारच आहे."

तिने पेटी ओढून काळी चार दाबली. तबकडी सरळसरळ खाली राहिली.

"पेटी चढलीय," अवधूतराव म्हणाले. "दुरुस्तीवाल्याला दोनदा दाखवली. काही बिघाड नाही म्हणतो, गाढव."

"ठिपके खोटे, पेटी खोटी, दुरुस्तीवाला गाढव. उरलं कोण?"

वय झालं की काही कानांना सगळं जगच चढं ऐकू येतं, हे अवधूतरावांना माहीत होतं. दुसऱ्यांच्या बाबतीत.

"आणि हा आवाज," पद्मजा हळूच म्हणाली, "ताईचा शेवटच्या महिन्यातला, दवाखान्यातला वाटतो. जड झालेला."

तिने बटण फिरवून ठिपके थांबवले. पेटी आणि तबकडी एक झाल्या. पद्मजाचे डोळे भरून आले. अवधूतरावांच्या कानांत कुणी अनोळखी बाई गात होती.

मेहुणी गेल्यावर त्यांनी बटण पुन्हा मागे नेलं. आता त्यांनाही दवाखाना ऐकू आला. त्यांनी ते पद्मजाने लावलं होतं तिथे आणून ठेवलं.

हल्ली संध्याकाळी दाराला कडी लावून ते त्या परक्या बाईचं गाणं ऐकतात. बाई अगदी सुरात गाते, असं पद्मजा म्हणते.