नाथाजीचा कोरम

गावात प्रामाणिक माणूस कोण, असा विषय निघाला की ग्रामपंचायतीचा शिपाई नाथाजी आधी खाकरायचा आणि मग लाजून दुसरीकडे बघायचा. वडूजजवळच्या त्या गावात त्याची अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती, पण दाखला न्यायला आलेल्या माणसाचा चहासुद्धा त्याने कधी घेतला नव्हता. ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं.

यंदा तालुक्याहून फर्मान आलं : विशेष ग्रामसभा घेऊन भ्रष्टाचारमुक्त कारभाराची शपथ घ्या. सभेला शंभर माणसं लागत होती. आली अकरा, त्यातली दोघं नुसती सावलीला बसलेली. सभा तहकूब केली की दुसऱ्या दिवशी कोरमची अट नसते, पण त्यात सरपंचांची नाचक्की. सरपंच संयोगिताताईंनी नुसतं नाथाजीकडे पाहिलं. त्याने नेहमीसारखं हजेरीचं रजिस्टर काखेत मारलं, शाईचा पॅड खिशात टाकला आणि घरोघर सह्या घेत निघाला. प्रामाणिकपणाच्या शपथेला आपण खोटी हजेरी गोळा करतोय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातही आलं नाही. एका घरी पोहे पुढे आले, ते मात्र त्याने मोठ्या बाणेदारपणे नाकारले.

शेवटी राहिलं हरणाबाईचं पत्र्याचं खोपट. म्हातारी एकटी, शेळ्या राखून जगणारी.

"मावशी, अंगठा द्या."

"कशाला रं?"

"सभंला हजर हुता म्हणून."

"मी तर शेरडांमागं हुते. हजर कशी?"

"आवं, समदेच देत्यात. भ्रष्टाचार हटवायचा हाय."

हरणाबाईने पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. घरकुलाच्या यादीतून तिचं नाव गळालं, म्हणून तिने तालुक्याला अर्ज केला होता. त्याचं हे उत्तर. नाव वगळण्याचा ठराव झाला त्या ग्रामसभेला अर्जदार स्वतः हजर होती, तिने हरकत घेतली नाही, सबब अर्ज निकाली.

"तवाबी तूच आला हुतास, ह्याच उंबऱ्यात," ती म्हणाली. "माजाच अंगठा घिऊन माजं घर घालवलंस की रं."

नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षं चहाचा कप जपला आणि म्हातारीचं घर काखेत मारून नेलं! तो रजिस्टर घेऊन तडक परत गेला.

"कोरम न्हाई, ताई. सभा तहकूब करा," तो सरपंचांना म्हणाला. "आन् हरणाबाईचा तवाचा अंगठा मी तिच्या घरी जाऊन घेतलाय. ती सभंला नव्हती. तसा माजा जबाब घ्या."

"नोकरी जाईल, नाथाजी. दोनच वर्षं राहिलीत."

जाऊ दे म्हणायची त्याची छाती झाली नाही. "लय भ्या वाटतंय ताई," तो म्हणाला. "पर घ्या."

दुसऱ्या दिवशी तहकूब सभेला नऊ माणसं होती. हरणाबाई पुढे येऊन बसली. जबाबावर तिचाही अंगठा हवा होता. नाथाजीने सवयीने पॅड उघडून तिच्यापुढे सरकवला.

तिने हात मागे घेतला. "आदी वाच. काय लिवलंय त्ये ऐकू दे."

अठ्ठावीस वर्षांत अंगठा घेण्याआधी त्याने कुणाला एक ओळ वाचून दाखवली नव्हती. नाथाजीने चष्मा लावला, कागद उचलला आणि आपला गुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लागला.