उजवं चाक वर राहिलं

माझ्या मामाने विमान बांधलंय, हे कंपनीत सांगितलं तेव्हा कुणालाच खरं वाटलं नाही. आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे आणि हत्यारं बनवून मामा निवृत्त झाला आणि तळवड्यात एक शेड भाड्याने घेऊन त्याने दोन माणसं बसतील एवढं विमान हळूहळू उभं केलं. मी निघोज्याजवळच्या कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसची देखभाल बघते, म्हणून एका रविवारी त्याचा फोन आला.

"भाचेबाई, जरा येऊन जा. उजवं चाक ऐकत नाहीये."

विमान जॅकवर उचललेलं होतं. मामाने बटण दाबलं, पंप गुरगुरला आणि दोन्ही चाकं पंखांत मिटली. थोड्या वेळाने उजवं मात्र आपसूक खाली लोंबायला लागलं. चाकं वर धरून ठेवायला तिथे तेलाच्या दाबाशिवाय दुसरं काही नव्हतं.

आधी आम्ही गळती शोधली. नळ्यांचे सगळे जोड पुसले, खाली वर्तमानपत्रं अंथरली. कागद कोरडेच राहिले. मग नळ्यांतली हवा काढून पाहिली. चाक तरीही उतरलं.

"बाहेर गळत नाही, म्हणजे आत गळतंय," मी म्हणाले.

"आत कुठे?"

"सिलिंडरमध्ये. दट्ट्याच्या एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूला जातंय."

चाकं वर घेऊन मी ती ओढणाऱ्या दोन्ही सिलिंडरच्या, दाब नसलेल्या बाजूच्या परतीच्या नळ्या सोडल्या. डावीकडे काही नाही. उजवीकडे तेल ठिबकायला लागलं ते थांबेचना. सिलिंडर उघडला. दट्ट्याच्या रबरी सीलवर चीर होती, डोळ्यांना न दिसणारी, फक्त नखाला लागणारी. मामाने सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं. तेल शिरायच्या भोकाची कड धारदार राहिली होती. सील बसवताना तिथेच कापलं गेलं असणार. त्याने कड घासून गुळगुळीत केली, सगळं धुतलं, नवं सील घातलं.

पुन्हा बटण. चाकं वर गेली. आम्ही बाहेर टपरीवर चहा पिऊन आलो, तरी ती तशीच. हेच तेल माझ्या प्रेसमध्ये मोटारीच्या दारांचा पत्रा धडाधड दाबतं. इथे ते आवाज न करता एक चाक धरून बसलं होतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले.

पुढे सगळ्या परवानग्या मिळाल्यावर एका लांबच्या धावपट्टीवर हवाई दलातून निवृत्त झालेल्या एका वैमानिकाने ते उडवलं. जमीन सुटली आणि दोन्ही चाकं एकदम आत गेली. मामाने माझा हात घट्ट धरला. विमान वळलं, लहान झालं, परत आलं. चाकं बाहेर काढून ते अलगद टेकलं.

इंजिन बंद झाल्यावर आम्ही विमानापाशी चालत गेलो आणि मामा उजव्या टायरवर तळवा ठेवून उभा राहिला.

"गरम आहे गं, उडून आलंय," तो म्हणाला.